कितिओने एकटा पितो

उनाइसीच्या स्वभावात संशय होता, आणि तो काही लग्नानंतर आलेला नव्हता. तिच्या चटईचं कुणी कौतुक केलं, तर ती आधी विचारायची की तुला हवंय काय. मासळी आणून देणाऱ्यानं एक मासा जास्त टाकला, तर ती तो उलटापालटा करून त्याचे कल्ले बघायची. केस विंचरले की गुंतवळ चुलीत आणि नखं काढली की नखंही चुलीत. आमच्या कांडावू बेटावर बाया हे सगळं करतात, नाही असं नाही, पण उनाइसी ते अशा निष्ठेनं करायची की पाद्रीबुवांनी प्रार्थनेत एवढी निष्ठा दाखवली असती तर गावाचं भलं झालं असतं.

त्याला कारणही होतं, ते सांगायलाच हवं. तिची आई ऐन चाळिशीत अंगावरून रक्त जाऊन जाऊन गेली. दोन पावसाळे झाले नाहीत तोच मावशी त्याच दुखण्यानं गेली. तिच्या माहेरच्यांनी तेव्हाच निकाल लावून टाकला की ही करणी आहे. बापाशी ज्या मुलीचं लग्न ठरून मोडलं होतं, तिच्या घरच्यांनी केली. पुरावा विचाराल तर काही नाही. पण दोन धडधाकट बाया एकाच जागेच्या दुखण्यानं जातात, याहून आणखी पुरावा तो कसला, असं सगळे म्हणायचे. उनाइसी हे ऐकत मोठी झाली आणि लग्न होऊन आमच्या नाइवी गावात आली.

तिचा नवरा कितिओने हा घराण्यातला थोरला. म्हणजे संध्याकाळ झाली की घराण्यातल्या सगळ्या पुरुषांनी त्याच्याच घरी येऊन बसायचं, हे ठरलेलं. मधे तानोआ, म्हणजे पायांचा मोठा लाकडी वाडगा, तिच्यात गुंगी आणणारी यांगोनाची मुळं कुटून पाण्यात कालवलेली, नारळाची करवंटी या हातातून त्या हातात, घेताना एक टाळी आणि रिकामी झाली की पुन्हा टाळ्या, आणि ज्याच्या त्याच्या बोटांत वर्तमानपत्राच्या कागदात वळलेली गावठी तंबाखू. घराचं तोंड समुद्राकडे, म्हणून वारं सुटलं की खिडक्या बंद. त्या कोंडलेल्या घरात खालच्या अंगाला, चुलीकडच्या दाराशी, उनाइसी केवड्याच्या पातींची चटई विणत बसायची. कुणाला पाणी हवं, कुणाला विस्तव हवा, ते तिनं बघायचं. लग्न झालं तेव्हा ती तिथं बसली आणि मुलगा वाईसाके राजधानीत, सुव्याच्या गोदीत कामाला लागला तरी ती तिथंच बसलेली होती. तिनं स्वतः मात्र तंबाखू कधी ओठाला लावली नाही, आणि याचा तिला भारी तोरा होता. तिची जाऊ तोरिका मागच्या दारी चोरून दोन झुरके मारायची, त्यावरून उनाइसीनं तिला किती टोमणे मारले असतील त्याला गणती नाही.

सिस्टर केलेरा आमच्या बेटावर नर्स म्हणून आली, आणि तिनं सगळ्या बायांना बोलावून आतली तपासणी करायला लावली. बाया लाजल्या, हसल्या, शेवटी गेल्या. नमुने सुव्याला गेले. बाकीच्यांचं ठीक निघालं, उनाइसीचं नाही. सिस्टरनं तिला एकटीला बसवून समजावलं. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बिघडल्यात, म्हणाली. कॅन्सर अजून झालेला नाही, पण वाट तीच आहे, तेव्हा सुव्याच्या मोठ्या इस्पितळात जा, तेवढा भाग काढून टाकतील. मग कारणं सांगितली. मुळात एक विषाणू असतो, तो स्त्री-पुरुषांच्या संबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपला आपण निघून जातो. काहींच्या अंगात ठाण मांडतो. जिच्या अंगात वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या तंबाखूचा धूर जातो तिच्या अंगात जास्त, आणि त्यातून एखादीच्या रक्तात धुराचं विष झाडून टाकणारा गुण जन्मतःच कमी असला तर आणखी जास्त. आई आणि मावशी, दोघींचं ऐकून सिस्टरनं मान हलवली. सुव्याचे डॉक्टर यावरच अभ्यास करतायत, अशा बायांचं रक्त तपासतायत, देशील का, असं तिनं विचारलं आणि एक नळी भरून घेतली.

सिस्टर एवढं बोलली, पण उनाइसीच्या डोक्यात शिरलं ते पहिलंच वाक्य. संबंधातून येतो. पुढचं धुराचं आणि रक्ताचं तिनं ऐकलंच नाही म्हटलं तरी चालेल. मी कुठं ओढते, असं एकदा म्हणाली आणि विषय तिच्यापुरता संपला. घरी येताना मात्र दोन गोष्टी तिच्या मनात घर करून बसल्या. एक, नवऱ्यानं कुठून तरी हे आणलं. आणि दुसरी, जी बाई स्वतःचा केससुद्धा परक्याच्या हाती लागू देत नाही, ती आज नळीभर रक्त देऊन आली.

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं की आत काहीतरी बिघाड आहे, इस्पितळात जा म्हणतात. कितिओने बोलणारा माणूस नव्हे. हं म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सिस्टरकडे जाऊन आला, हे उनाइसीला कळलं नाही. कळलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

कळलं ते एवढंच की घर बदललं. आधी पुरुष यायचे थांबले. कितिओनेनं मोठ्या सणापर्यंत यांगोना सोडली म्हणे, देवासाठी. हे तिला कुणी सांगितलं, तर तोरिकानं, तेही विहिरीवर सगळ्यांसमोर. स्वतःच्या घरातली गोष्ट जावेकडून कळावी, यासारखा अपमान नाही. मग एका सकाळी बघते तर नवरा घरातल्या चटया गुंडाळून खांद्यावर टाकून समुद्रावर धुवायला निघालेला. आमच्याकडे पुरुष चटया धूत नाहीत. चटया धुवायला निघालेला पुरुष गावानं तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. त्यानं चटया धुतल्या, पडदे धुतले, खिडक्या सताड उघडून ठेवल्या. उनाइसीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस एवढं धुतो तेव्हा काहीतरी लपवायला धुतो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ तिनं गिळलं असतं. पण रोज उन्हं कलली की कितिओने मळ्यावर चक्कर मारून येतो म्हणून निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा तेव्हा केस ओले आणि अंगात धुतलेला शर्ट. मळ्यावरून आलेला माणूस घामट यावा, मातीचा यावा. हा आंघोळ करून येतो. एकदा तो झोपल्यावर तिनं त्याचा शर्ट नाकाशी धरला. कुण्या बाईचा वास येईल याची तिनं मनाची तयारी केली होती, पण कसलाच वास आला नाही. ज्या अंगाला लग्नाच्या रात्रीपासून तंबाखूचा वास, त्या अंगाला वासच नाही, याची तिला जास्त भीती वाटली.

मग तिनं गावातल्या एकेका बाईला मनातल्या मनात उभं केलं. दुकानवाली विधवा झाली, शाळेतली नवी बाई झाली, देवळात गाणं म्हणणारी ती उंच पोरगी झाली. बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. शाळेतल्या बाईनं रस्त्यात विचारलं की तब्येत कशी आहे, तर उनाइसीनं तिच्याकडे असं काही बघितलं की ती वाटच बदलून गेली.

सुव्याची बोट आमच्याकडे आठवड्यातून एकदा येते. सिस्टरनं इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली होती, पहिल्या बोटीला उनाइसी गेली नाही. घरात पाहुणे येणार, म्हणाली. कितिओने म्हणाला, "जाऊन ये ना. घराचं मी बघतो." झालं. गेल्या वीस वर्षांत या माणसानं कधी घराचं बघितलं होतं? आणि आताच मला बाहेर घालवायची एवढी घाई का? तिनं दुसऱ्या बोटीलाही कारण काढलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या नेसूला रक्ताचा डाग दिसला, आणि ते महिन्याचे दिवस नव्हते. तिनं तो कपडा खारट पाण्यात धुतला आणि कुणाला सांगितलं नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. इस्पितळात गेलं तर वाचू, हे तिला कळत होतं. पण आपण बोटीत बसलो की मागं ती बाई या चटयांवर येऊन बसेल, हे त्याहून जास्त कळत होतं.

शेवटी एका दुपारी तिनं पाती कापून आणायची टोपली घेतली आणि नवऱ्याच्या मागं मागं निघाली. तो मळ्याकडे वळलाच नाही. खोबरं वाळवायची जुनी भट्टी आहे ना, वादळात छप्पर उडालेली, तिच्यामागं गेला. उनाइसी झुडपाआड बसली आणि वाट बघू लागली की आता येईल, आता येईल. कुणी आलं नाही. कितिओनेनं भिंतीच्या कोनाड्यातून एक लहान लाकडी वाडगा काढला, यांगोना कालवली, आणि मांडी घालून बसला. तंबाखू वळून पेटवली. मग समोर कुणीतरी बसलंय अशा थाटात एकदा टाळी वाजवली, करवंटी रिकामी केली, पुन्हा टाळ्या वाजवल्या. ओठ हलत होते. कुणाशी तरी बोलत होता. उठताना उरलेली यांगोना त्यानं जमिनीवर ओतली.

क्षणभर उनाइसीला हायसं वाटलं, कारण बाई नव्हती. आणि लगेच दुसरंच ध्यानात आलं. आमच्याकडे यांगोना एकट्यानं पीत नाहीत. आमच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. जो एकटा पितो, तो एकटा नसतो; त्याच्यासमोर जे बसलेलं असतं ते दिसत नाही, एवढंच. आणि जमिनीवर ओततात तो त्याचा वाटा. त्या बदल्यात ते माणसाचं काम करतं, आणि ते काम कसलं असतं हे उनाइसीला कुणी सांगायला नको होतं. आईवर केलं, मावशीवर केलं, आता माझ्यावर. आणि करणारा माझ्या उशाला झोपतो.

त्या दिवसापासून तिनं नवऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. बायबल उशाखाली आलं. सिस्टर घरी येऊन रागावली, तिनं समजावलं, शेवटी हात जोडले. उनाइसी म्हणाली, "सिस्टर, जे चाकूनं लावलेलं नाही ते चाकूनं निघत नाही." सिस्टर दुसऱ्या बेटावरची, तिला यातलं काही उमगलं नाही. आणखी एक बोट आली आणि गेली. डाग आता दर दोन-चार दिवसांनी दिसत होता.

गावसभा सोमवारी भरते. पुरुष वरच्या अंगाला, बाया खालच्या अंगाला, मधे गावप्रमुख रातू नेमानी. गटाराचं झालं, शाळेच्या कुंपणाचं झालं, डुकरं मोकाट सोडण्यावरून नेहमीचं भांडण झालं. आणखी कुणाला काही बोलायचंय का, असं रातू नेमानींनी सवयीनं विचारलं आणि उठायला लागले. तेव्हा खालच्या अंगाकडून उनाइसी उभी राहिली. बाई उभी राहून बोलते हेच मुळी नवल, त्यामुळे तिनं तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"माझा नवरा एकटा पितो," ती म्हणाली. "भट्टीमागं. मी डोळ्यांनी बघितलंय. उरलेली जमिनीवर ओततो."

बास. एवढंच बोलली आणि खाली बसली. कितिओनेच्या शेजारी बसलेले पुरुष नकळत बाजूला सरकले, त्यात त्याचा सख्खा धाकटा भाऊ सामिसोनीही होता. हा आरोप आमच्याकडे साधा नव्हे. चोर म्हटलं तर माणूस शिक्षा भोगून सुटतो. हे एकदा चिकटलं की नातवंडांपर्यंत जातं. मागं एका गावात अशाच एकाचं घर रातोरात जळालं होतं, आणि कुणी जाळलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

रातू नेमानींनी विचारलं, "कितिओने, हे खरं?"

"खरं," तो म्हणाला. मान खाली.

"का?"

सिस्टर केलेरा बायांच्यात बसली होती, ती अर्धवट उठली. कितिओनेनं तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. ती खूण उनाइसीनं टिपली, आणि तिच्या डोक्यात आता सिस्टरही नवऱ्याला सामील झाली. संशयाचं असंच असतं, त्याला सगळंच खाद्य चालतं.

पाद्रीबुवा म्हणाले, जागा बघू. सगळं गाव उठलं आणि भट्टीकडे निघालं. भर दुपार, तरी बाया एकमेकींचे हात धरून चालत होत्या. उनाइसी सगळ्यांच्या पुढं. कोनाड्यातून काय निघेल हे तिला माहीत होतं: तिचे केस, तिच्या कपड्याची चिंधी, कुणास ठाऊक, ती रक्ताची नळीसुद्धा. सामिसोनीनं कोनाड्यात हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर ठेवली. वाडगा निघाला, करवंटी निघाली, तंबाखूचा डबा निघाला. मग एक साबणाची वडी, अर्धी झिजलेली. एक पंचा. आणि केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेला, घडी केलेला, धुतलेला शर्ट.

मग रातू नेमानींनी साबण उचलून वास घेतला. "मी म्हातारा झालो," ते म्हणाले, "पण साबण लावून करणी करणारा अजून बघितला नव्हता. बोल रे बाबा आता."

कितिओने बोलला, पण जमिनीकडे बघत. घरातल्या एका माणसाला धूर सोसत नाही, म्हणाला. सिस्टरनं सांगितलं की तो घरात नको, कपड्यांतही नको. मी थोरला. लोकांना येऊ नका म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलो असतो तरी तेच विचारलं असतं. म्हणून देवासाठी सोडली म्हणून सांगितलं. पण सुटली नाही. यांगोना सुटली नाही आणि तंबाखूही सुटली नाही. म्हणून इथं येऊन प्यायचो, ओढ्यात अंग धुवायचो, शर्ट बदलायचो आणि घरी जायचो.

"आणि ओठ हलत होते ते?" उनाइसीनं विचारलं.

"प्रार्थना करत होतो. तुझ्यासाठी."

"आणि ओतत होतास ती?"

"उरलेली काय करणार?" तो म्हणाला. "प्यायला दुसरं कोण होतं?"

पाद्रीबुवांनी सुस्कारा सोडला, बाया रडायला लागल्या, आणि रातू नेमानींनी निकाल दिला. आरोप खोटा. उनाइसीच्या माहेरच्यांनी रीतीप्रमाणे व्हेलचा दात घेऊन यावं आणि नवऱ्याच्या घराण्याची माफी मागावी. त्यात काही चुकीचं नव्हतं, आमची रीतच आहे. पण कितिओनेनं तोवर खाली घातलेली मान तेव्हा पहिल्यांदा वर केली.

"माफी कसली?" तो म्हणाला. "ती खोटं बोललीच नाही. लग्न झाल्यापासून मीच तिला त्या धुरात बसवलं. करणी नाही तर काय म्हणायचं त्याला? रक्त तिच्या आईचं आणि धूर माझा."

सिस्टरला राहवलं नाही. एकट्या धुरानं हे होत नाही, ती म्हणाली, विषाणू असावा लागतो, आणि तो केव्हा आला, कुणाकडून आला, हे कुणीच सांगू शकत नाही. धुरानं आणि रक्तानं त्याला थारा मिळतो एवढंच. तिचं सगळं खरं होतं. पण गाव तिच्याकडे बघत नव्हतं, उनाइसीकडे बघत होतं, कारण कितिओनेनं नाव घेतलं नसलं तरी घरातलं माणूस म्हणजे कोण हे आता उघड होतं.

उनाइसी पुढं झाली. नवऱ्यानं जे लपवायला करणीवाला म्हणवून घेतलं, ते तिनं सगळ्या पुरुषांच्या तोंडावर सांगितलं. "गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. आईलाही तिथंच होतं. रक्त जायला लागलंय. मी चार बोटी चुकवल्या, याच्यावर संशय घेऊन." मग ती सामिसोनीकडे वळली, त्याच्या शेजारच्याकडे, त्याच्या शेजारच्याकडे. "तुम्ही सगळे माझ्या घरात बसत होता. मी तुम्हाला विस्तव आणून देत होते." पुरुषांनी माना खाली घातल्या. एकाच्या बोटांत पेटती तंबाखू होती, ती त्यानं पाठीमागं धरली.

पुढच्या बोटीनं दोघं सुव्याला गेली. माफीचं राहू दे म्हणून कितिओने अडून बसला आणि रातू नेमानींना माघार घ्यावी लागली. इस्पितळात उनाइसीचा तो भाग कापून काढला. कॅन्सर उंबरठ्यावर येऊन उभा होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत शिरला नव्हता. आणखी उशीर केला असता तर मी तुला असं घरी पाठवलं नसतं. रक्ताचंही त्यांनी सांगितलं. धूर झाडणारा तो गुण तिच्या रक्तात नव्हताच. पुष्कळ धडधाकट बायांच्यातही तो नसतो, त्या म्हणाल्या, नुसत्या त्यानं काही होत नाही. आमचा अभ्यास अजून चाललाय, पण ही सगळी कारणं एकत्र आली की धोका वाढतो असं दिसतंय. आता दरवर्षी तपासायला ये, आणि धुरात बसू नकोस. उनाइसीनं त्यांना पहिल्यांदा विचारलं की उरलेल्या रक्ताचं तुम्ही काय केलंत. डॉक्टरीणबाई हसल्या आणि तिला बाटल्यांची फडताळं नेऊन दाखवली. तरी तिनं आपल्या नावाची बाटली वाचून घेतलीच.

जीव वाचला. इथं ही हकिगत संपवता आली असती, पण तसं झालं नाही.

दोघं परत आली तेव्हा गावानं स्वागत केलं, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून आणून दिली, तोरिका तर गळ्यात पडून रडली. पण संध्याकाळी पुरुष सामिसोनीच्या घरी बसले, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि महिना उलटला तरी. घरात तंबाखू नको म्हणून आले नसतील, असं उनाइसीनं आधी मनाला समजावलं. मग कितिओनेनंच तंबाखू सोडली, खोकत, चिडत, रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालत सोडली. तरी कुणी फिरकलं नाही. आमच्याकडे जेवणाच्या वेळी दारावरून कुणी गेलं की आतून हाक मारायची, या जेवायला. कितिओने हाक मारायचा आणि लोक हसून हो हो म्हणत पाऊल उचलायचे. एकदा विहिरीवर उनाइसी पोचायच्या आधी तोरिका दुसरीला सांगत होती, "धुराचं सगळं ठीक आहे गं. पण टाळ्या कुणासाठी वाजवत होता? समोर कोण होतं?"

तो प्रश्न उनाइसीचाच होता, झुडपाआड बसून तिनं स्वतःला विचारलेला. ती घरोघरी गेली. माझी चूक झाली, मीच वेडी, मला भलतंच दिसलं, असं सांगत फिरली. कुणी वाद घातला नाही. सगळे म्हणाले, आम्हाला ठाऊक आहे उनाइसी, तुझा नवरा देवमाणूस आहे. आणि कुणाच्या पोराला ताप आला की त्याची आई पोराला घेऊन उनाइसीच्या दारावरून न जाता मागच्या वाटेनं सिस्टरकडे जायची. कितिओनेला हे दिसत होतं. त्यानं वाडगा माळ्यावर टाकला आणि संध्याकाळी पायरीवर नुसता बसून राहू लागला. थोरल्यानं असं बसलेलं बघवत नाही.

एका संध्याकाळी उनाइसीनं दार आणि सगळ्या खिडक्या उघडल्या, समुद्राचा वारा घरभर फिरत होता तरी. मोठी तानोआ दारासमोरच मांडली, रस्त्यावरून सरळ दिसेल अशी. यांगोना कालवली. मग चुलीकडच्या दाराशी न बसता ती वर आली आणि नवऱ्याच्या समोर मांडी घालून बसली. यांगोना तिला कधीच आवडली नव्हती. तो कडवट मातकट घोट घेतला की तिला उमासे यायचे.

"हे काय? लोक काय म्हणतील?" कितिओने म्हणाला.

"काय म्हणायचं ते म्हणोत. एकटा पितो असं म्हणणार नाहीत. घे."

त्यानं टाळी वाजवून करवंटी घेतली. मग तिनं घेतली, डोळे मिटून, एका दमात, आणि टाळ्या वाजवल्या, रस्त्यावर ऐकू जातील अशा. अजूनही ती रोज संध्याकाळी बसते. बाहेरून तोरिका बादली घेऊन जात असते, उनाइसी तिला आत बोलावते, आणि तोरिका उद्या येते म्हणून पुढं जाते. मग उनाइसी दोन करवंट्या भरते, एक त्याला देते आणि दुसरी पिऊन टाकते.